दुकान तिचं, सही आईची

लालबागमध्ये राहणारी, अकरावी कॉमर्सला असलेली एक मुलगी आहे असं समजू. भुलेश्वरहून ऑक्सिडाइज्ड झुमके आणायचे, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचे, इन्स्टाग्रामवर टाकायचे आणि ऑर्डर आली की पार्सल करायचं, एवढा साधा तिचा बेत. भांडवल म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी आणि आजीने हातावर ठेवलेले पैसे. मुंबईत असा बेत हवेतला वाटत नाही, कारण माल खरोखर हाताशी आहे. कापडाला मंगळदास मार्केट, क्राफ्टच्या सामानाला अब्दुल रहमान स्ट्रीट, इमिटेशन ज्वेलरीला मालाड, जीन्सला उल्हासनगर. लोकलचा पास काढला की घाऊक बाजार दाराशी आला म्हणायचा.

माल मिळतो, फोन घरात असतोच, गिऱ्हाईकही हळूहळू मिळतं. अडतं ते भलतीकडेच. कागदावर विकणारी म्हणून नाव कोणाचं घालायचं? सोळाव्या वर्षी तिचं नाव चालत नाही. बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स, इतकंच काय, कोणता माल विकायला घ्यावा, हे सगळे प्रश्न शेवटी या एकाच गोष्टीपाशी येतात. ‘सोळाव्या वर्षी लखपती’ छापाचे रील्स नेमकं एवढंच सोडून बाकी सगळं सांगतात.

अठराच्या आतली सही

करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे करार करायला माणूस सज्ञान, म्हणजे १८ पूर्ण केलेला लागतो. त्याआधी केलेल्या कराराचं काय होतं, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, ठरवून टाकलं. कलकत्त्याच्या धर्मदास घोष नावाच्या मुलाने सज्ञान होण्याआधी आपली मालमत्ता एका सावकाराकडे गहाण टाकली होती. पुढे तो व्यवहार कोर्टात गेला आणि निकाल लागला की अज्ञानाने, म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराच्या आतल्याने, केलेला करार मुळातच शून्य. तो झालाच नाही असं धरायचं. आजही कायद्याच्या पहिल्या वर्षाला हा खटला शिकवतात.

हा नियम मुलांना वाचवण्यासाठी आहे. कोणी मोठा माणूस त्यांना फसवून सही घेईल, तर त्या सहीला किंमत नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी, की जिच्या सहीला किंमत नाही तिच्याशी व्यवहार कोण करणार? म्हणून अ‍ॅमेझॉनवर विक्रेता व्हायचं असो, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) घ्यायचा असो की कुरिअर कंपनीत खातं उघडायचं असो, अटींमध्ये वय १८ लिहिलेलं असतं. खोटी जन्मतारीख टाकून आत शिरणं हा उपाय नव्हे. पैसे काढायची वेळ आली की केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होते, आधारवरची तारीख समोर येते आणि खातं पैशांसकट अडकून पडतं.

‘मग आपण कंपनीच काढू’ हेही हमखास ऐकू येतं. अज्ञान मुलगी संचालक होऊ शकत नाही. एकाच माणसाची जी कंपनी असते, तिच्यात सभासद किंवा नॉमिनी होणंही तिला बंद आहे. भागीदारीत तिला फक्त नफ्यापुरतं सामील करून घेता येतं, तेही सगळ्या भागीदारांची संमती असेल तर. पूर्ण भागीदार ती होत नाही. मुंबईच्या तिलक मेहताचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०१८ मध्ये, तेराव्या वर्षी, डबेवाल्यांच्या मदतीने शहरात त्याच दिवशी पार्सल पोचवण्याची ‘पेपर्स एन पार्सल्स’ ही सेवा त्याने सुरू केली. कल्पना त्याची होती, पण मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून बँकेतली नोकरी सोडून आलेला एक अनुभवी माणूस होता. बातम्यांचे मथळे मुलाच्या वयाचे झाले. ही दुसरी ओळ फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

तेव्हा सरळ मार्ग एकच. व्यवसाय आईच्या किंवा बाबांच्या नावावर, प्रोप्रायटर (एकटा मालक) म्हणून. काम मुलीचं, जबाबदारी पालकांची. गिऱ्हाईक ग्राहक आयोगात गेलं तर नोटीस आईच्या नावाने येणार, जीएसटीचं रिटर्न चुकलं तर दंड आईला. म्हणून ‘कर गं तुला काय करायचं ते’ म्हणत ओटीपी सांगून मोकळं होणाऱ्या पालकांनी थोडं थांबावं. आपण ओटीपी देत नसून सही करतोय, हे त्यांना कळलेलं बरं.

आता एक खास मुंबईच्या मराठी घरांतला मुद्दा. बाबा मंत्रालयात किंवा पोलिसांत आहेत, असं असेल तर दुकान त्यांच्या नावावर टाकू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. आईच्या नावावर केलं तरी कुटुंबात कोणी व्यवसाय करतंय हे ऑफिसला कळवायचं असतं. महापालिका, बेस्ट, बँक, शाळा यांचे आपापले सेवा नियम असतात. आस्थापना विभागात एक चक्कर मारून विचारून घ्यावं.

पैसे कुठे येणार

दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये याचे नियम नव्याने एकत्र करून दिले. पण किती रकमेपर्यंत आणि कोणत्या सोयींसह, हे बँक ठरवते. शिवाय ते बचत खातं आहे, दुकानाचा गल्ला नव्हे. विक्रीचे पैसे आईच्या एका वेगळ्या खात्यात यावेत आणि त्यात घरखर्च मिसळू नये. आईच्या पगाराच्या खात्यातच झुमक्यांचे पैसे येत राहिले, तर मार्चमध्ये कोणता आकडा कशाचा हे सांगताना दोघींचं भांडण ठरलेलं.

इन्स्टाग्रामची एक गंमत. १८ च्या आतल्यांची खाती तिथे आता आपोआप ‘टीन अकाउंट’ होतात आणि ती मुळातच प्रायव्हेट असतात. सोळाच्या आतल्यांना ती सेटिंग बदलायला पालकांची परवानगी लागते. म्हणजे मुलीने स्वतःच्या नावाने दुकान उघडलं, तर शटर बंद ठेवून बाहेर पाटी लावल्यासारखं होतं. दुकानाचं खातं पालकांच्या नावाने, पालकांच्या नंबरवर उघडावं. यात सुरक्षेचाही भाग आहे. नियमित विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, संपर्क आणि माल परत घेण्याच्या अटी गिऱ्हाईकाला सांगितल्या पाहिजेत, असं ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम म्हणतात. हे सगळं उघड राहणार. तिथे सोळा वर्षांच्या मुलीचा स्वतःचा मोबाइल नंबर असण्यापेक्षा एक वेगळं सिम घेतलेलं परवडलं.

जीएसटी: बेळगावचं गिऱ्हाईक

फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. झुमके विकून ४० लाख कधी होणार, म्हणून सगळे निश्चिंत. पण ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल, तर साधारण नियम असा की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते.

आता मराठी दुकानाचं गिऱ्हाईक कुठे कुठे असतं ते बघा. बेळगाव, पणजी, बडोदा, इंदूर. ‘पैंजण पाठवाल का?’ असा मेसेज बेळगावहून मराठीत येतो, पण जीएसटीच्या हिशोबात ते पार्सल कर्नाटकात चाललेलं असतं. हाताने बनवलेल्या ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत यातून सूट आहे, पॅन मात्र लागतो. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएकडून एकदा तपासून घ्यावं. सीएची त्या वेळची फी वसूल होते.

मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकायचं तर पूर्वी सरसकट नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात विकायचं असेल तर जीएसटी क्रमांकाशिवाय, पोर्टलवरून नुसता एनरोलमेंट क्रमांक घेऊन विकता येतं. मीशोवर असे बरेच छोटे विक्रेते दिसतात. पुस्तकांचा मामला याहून सोपा. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. दहावी-बारावीची जुनी पुस्तकं, गाइडं विकण्यापासून सुरुवात करणारी मुलं मला म्हणूनच हुशार वाटतात. भांडवल कमी, कागद कमी, आणि माल इमारतीतल्याच माळ्यांवर धूळ खात पडलेला.

नोंदणी करायचीच झाली तर जागेचा पुरावा लागतो: वीजबिल, मालमत्ता कराची पावती, भाड्याची असेल तर करारनामा किंवा मालकाचं संमतिपत्र. लालबाग-परळच्या पागडीच्या खोलीत वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येत असतं. मुंबईत बरेच अर्ज इथेच रखडतात, तेव्हा आधी ते बिल बघा.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात. अज्ञान मुलाचं उत्पन्न साधारणपणे आईवडिलांपैकी ज्याचं जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने कमावलं असेल तर ते त्याचं स्वतःचं. भुलेश्वरहून आणून विकलेले झुमके पहिल्या प्रकारात, स्वतः रंगवलेल्या पणत्या दुसऱ्यात. पण व्यवसायच आईच्या नावावर असेल तर ही चर्चा संपते. नफा आईचा, रिटर्नही आईचं. छोट्या व्यापाऱ्याला अंदाजित नफ्यावर कर भरायची सोय आहे: डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरायचा. वह्यांची उस्तवार त्याने बरीच कमी होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी असेल तर ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं ढिगाने आहेत, ती टाळा.

काय विकू नये

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आईची सही इथेच सगळ्यात महाग पडू शकते.

मुंबईच्या कॉलेजवयीन मुलांना ऑनलाइन विकायला सगळ्यात आधी सुचतात ते ‘फर्स्ट कॉपी’ बूट, घड्याळं, पर्स. माल मिळतो, मार्जिन दणदणीत असतं, शिवाय ‘सगळेच विकतात’. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे दुसऱ्याचा खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. पोस्टमध्ये ‘फर्स्ट कॉपी आहे, ओरिजिनल नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं की सुटलो, असा एक गोड गैरसमज आहे. उलट, माल खोटा आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं, याचा तो लेखी पुरावा ठरतो. फुटपाथवरचा विक्रेता निदान रात्री गाशा गुंडाळतो. ऑनलाइन विकणाऱ्याचे फोटो, गप्पा, यूपीआयचे व्यवहार सगळं तारखेनिशी जमा होत असतं, आणि खातं आईच्या नावाचं असतं. कार्टूनमधली पात्रं छापलेले टी-शर्ट आणि मोबाइल कव्हरही याच वाटेने जातात, हे मुलांच्या सहसा डोक्यात येत नाही.

खेळणी: १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये स्वस्तात मिळालेल्या खोक्यावर ते नसेल तर तो माल स्वस्त नव्हे.

घरी बनवलेले साबण, लिप बाम, उटणं, केसांचं तेल हा दुसरा लाडका प्रकार. यूट्यूबवर कृती अर्ध्या तासाची असते. पण विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) परवाना लागतो, आणि तो स्वयंपाकघराच्या ओट्याला मिळत नाही. मैत्रिणींना भेट द्या, विकू नका. चकली-लाडूंना एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. छोट्या घरगुती व्यवसायाला ती फारशी अवघड नाही, आणि आईच्या नावावर ती शोभतेही, कारण लाडू बहुतेक तीच वळणार असते.

माल कुठलाही घ्या, पक्कं बिल मागा. घाऊक बाजारात कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे कमी लागतात, खरं आहे. पण उद्या कोणी विचारलं की हा माल आला कुठून, तर उत्तर त्या पक्क्या बिलातच असतं. पॅकबंद वस्तू असेल तर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, वजन किंवा नग, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क पाकिटावर हवा; आयात माल असेल तर देशाचं नावही.

झुमक्यांचा खरा हिशोब

एवढं सगळं नीट केलं तरी बहुतेक पोरांची दुकानं कायद्याने बंद पडत नाहीत, हिशोबाने पडतात. आकडे धरून बघू. हे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

झुमके पडले ६० रुपयांना, विकले १९९ ला, ‘डिलिव्हरी फ्री’. खोका आणि बबल रॅप १५, कुरिअर ६०, कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार ३०. हातात राहिले ३४. मुलीच्या वहीत मात्र १९९ वजा ६० म्हणजे १३९ नफा लिहिलेला असतो. आता दहा ऑर्डरींपैकी तीन परत आल्या असं धरा. कॅश ऑन डिलिव्हरीत हे होतंच: गिऱ्हाईक दार उघडत नाही, फोन उचलत नाही, तोवर मूड बदललेला असतो. परत आलेल्या प्रत्येक पार्सलला जाताना ६०, येताना समजा ५० आणि पॅकिंग १५, असे १२५ रुपये पाण्यात. सात पार्सलांचे मिळाले २३८, तीन पार्सलांनी नेले ३७५. दहा ऑर्डरी, दहा रात्रींचं पॅकिंग, आणि वर १३७ रुपयांचा तोटा.

हीच दहा पार्सलं आधी पैसे घेऊन पाठवली असती तर? यूपीआयवर पैसे घ्यायला विक्रेत्याला आकार पडत नाही. १९९ मधून ६०, १५ आणि ६० गेले की प्रत्येकी ६४ उरतात, दहाचे ६४०. माल तोच, भाव तोच. म्हणून नव्या दुकानाने कॅश ऑन डिलिव्हरी देऊच नये असं माझं मत आहे, निदान मुंबई-ठाण्याबाहेर तरी. ‘मग ऑर्डर कमी येतील’ हे खरंय. येऊ देत कमी.

कुरिअरच्या बिलात आणखी एक खाच आहे. हलक्या पण मोठ्या खोक्याला कुरिअरवाले काट्यावरच्या वजनाने पैसे लावत नाहीत, आकारमानाने लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं. आकाशकंदील ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात घातला तर १५,००० भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. कंदील असतो पाव किलोचा. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेले सुंदर कंदील ऑनलाइन विकायला निघालेल्यांचं गणित इथे बसत नाही. घडीचा, सपाट पाकिटात मावणारा कंदील घेतला, सोबत जोडणीचा छोटा व्हिडिओ दिला, की तेच गणित बसतं. पोस्टाच्या काउंटरवर स्पीड पोस्टचा दरही विचारून ठेवावा. लहान गावच्या पिनकोडला जिथे कुरिअर नाही म्हणतो, तिथेही पोस्टमन जातो. आणि जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून प्लॅस्टिकची पिशवी हवीच, नाहीतर झुमके पोचतात आणि खोका लगद्यासारखा.

पैसे घेताना एक पक्कं लक्षात ठेवायचं: पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. ‘मी फौजी आहे, कॅम्पमधून बोलतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ हा नवख्या विक्रेत्यांना फसवायचा जुना डाव आहे. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच पार्सल बाहेर. फसगत झालीच तर लाजेपायी दोन दिवस गप्प बसू नये. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते.

अठरावा वाढदिवस झाला की दुकान आपोआप मुलीच्या नावावर होत नाही. अज्ञानपणी केलेला करार नंतर सज्ञान होऊन कायम करता येत नाही, सगळं नव्याने करावं लागतं: अज्ञान असताना काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते, तेव्हा आधी ते अद्ययावत करायचं, मग तिच्या पॅनवर हवी असल्यास नवी जीएसटी नोंदणी, नवं बँक खातं. प्लॅटफॉर्मवरचं विक्रेत्याचं खातं आणि त्यावर जमलेले रिव्ह्यू बहुधा आईच्या नावापाशीच राहतात. इन्स्टाग्रामचे फॉलोअर मात्र सोबत येतात. कपाटात उरलेला माल आईने मुलीला रीतसर बिल करून विकायचा. भाव दोघींनी ठरवावा, आणि आई मार्जिन मागत असेल तर ती चुकीचं काही करत नाहीये.